पाकिटामागचा तक्ता

२१ जानेवारी २००८, सोमवार

नांदेडच्या दवाखान्यासमोरच्या दुकानातून आज दोन वह्या घेतल्या. एकीत निलम मॅडमनी रकाने आखून दिले. डॉक्टरांच्या शेजारच्या खोलीत त्या बसतात आणि पेशंटनं काय खायचं, काय नाही ते सांगतात. वर त्यांनीच लिहिलं: सिंधूबाई जळबा पोले, वय ५१, मुक्काम वसमत. खाली तीन रकाने. काय खाल्लं, पाणी किती प्यालं, वजन किती. रोज भरायचं आणि महिन्यानं दाखवायचं. मी म्हणालो, मॅडम, मी मोंढ्यात तोलार आहे, तीस वर्षं हळदीचे कट्टे तोलून आकडेच लिहितोय. त्या म्हणाल्या, "मग बरंच झालं काका. बाकीचे लोक वही कोरी घेऊन येतात."

दुसरी वही ही. ती कुणाला दाखवायची नाही.

डॉक्टर जे बोलले ते लिहून ठेवतो. हिच्या दोन्ही किडन्या आक्रसल्या आहेत. शंभरातले पंधरा हिस्सेच काम चालू आहे. कधी ना कधी रक्त शुद्ध करायच्या मशीनवर घ्यावं लागेल, पण ते पुढं ढकलणं आपल्या हातात आहे. मीठ जवळजवळ बंद. पाणी दिवसाला एक लिटर, त्यात चहाही आला. भाज्या उकळून ते पाणी फेकायचं. मी मान हलवत गेलो. ही भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होती, जसं काही दुसऱ्याच कुणाचं चाललंय.

मग निलम मॅडम म्हणाल्या, "पण उपाशी ठेवू नका. वजन एक्केचाळीसवर आलंय. कॅलरी पोटात गेल्या नाहीत तर शरीर स्वतःचंच मांस खायला लागतं."

कॅलरी म्हणजे काय ते विचारलं. म्हणाल्या, अन्नातली ताकद. ती मोजता येते. हिला दिवसाला दीड हजार पाहिजेत.

मोजता येते म्हटल्यावर मला जरा धीर आला.

२४ जानेवारी, गुरुवार

चौपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा भाजी केली. हिला चुलीसमोर उभं राहवत नाही, चक्कर येते. फोडणीचा वास नाकात गेला की उलटी. शेजारच्या रुख्मिणीबाई भाकऱ्या थापून देतात, भाजी माझ्याकडं. दोडके चिरले, उकळले, पाणी फेकलं, पुन्हा तेलावर परतले. मीठ नाही. हिनं दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं.

"काहून? जमली न्हाई का?"

"जमली की. भूकच न्हाई."

मी पण अळणीच खायचं ठरवलंय. एकटीनं कशाला सोसावं. ओल्या कापडाचा बोळा चघळावा तशी भाजी लागते.

३ फेब्रुवारी, रविवार

मोंढा बंद होता. हिला रिक्षात घालून आडतीवर नेलं आणि काट्यावर उभं केलं. दवाखान्यातल्या काट्यापेक्षा माझा काटा भरवशाचा. चाळीस किलो चारशे. दोन आठवड्यांत सहाशे ग्रॅम गेले.

ही काट्यावरून म्हणाली, "तोललंच हाय तर सौदा बी करून टाका."

मला हसू आलं नाही.

खरं सांगायचं तर अळणी खायचं मी मोडलं. मंगळवारी हमालांबरोबर मिरचीभजी खाल्ली. बुधवारी पण. घरी यायच्या आधी नळावर चूळ भरतो.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

काल अर्धी भाकर. आज पाव. मॅडमनी दिलेल्या कॅलरीच्या तक्त्यावरून हिशेब केला, दिवसाच्या सहाशे कॅलरी पण होत नाहीत. रोज वहीत आकडा लिहिताना असं वाटतं, मी हिला उपाशी मारून राहिलो आणि त्याची नोंद पण ठेवून राहिलो.

शिवकन्याचा फोन आला होता सासरहून, साखऱ्याहून. लेक म्हणून तिला सगळं सांगावं लागतं. म्हणाली, "बाबा, तिला काई खारट देऊ नका बरं. मायची जीभ लई वाईट. लहानपणी मला मीठमिरची चोरून खायला तिनंच शिकवलं." मी म्हणालो, घरात मीठच ठेवलं नाही. खरंच ठेवलं नाही. बरणी रुख्मिणीबाईंना देऊन टाकली.

१८ फेब्रुवारी, सोमवार

नांदेड. रक्ताचा आकडा तसाच आहे, वाढला नाही. डॉक्टर खूश. वजन चाळीस. निलम मॅडम खूश नाहीत. म्हणाल्या, "काका, मीठ-पाणी तुम्ही उत्तम सांभाळलंत. आता वजन वाढवा. कसंही करून कॅलरी वाढवा."

येताना गाडीत ही माझ्या खांद्यावर झोपली. खांद्याला डोक्याचं वजन जाणवलंच नाही.

२३ फेब्रुवारी, शनिवार

आज एक गोष्ट झाली.

कुलदीपच्या दुकानात साबण आणायला गेलो होतो. कुलदीप पुण्याला राहून आलेला आहे. त्याच्या दुकानात आपल्या हातानं वस्तू उचलायच्या असतात. तिथं एका फळीवर भाजीच्या तयार रश्शाची पाकिटं लावलेली. वर हसऱ्या बाईचं चित्र, हातात वाडगा. कुलदीप म्हणाला, "हा कुकिंग सॉस आहे काका. उकळलेल्या भाजीत ओतायचा, पाच मिनिटं गरम करायचा, झालं. फोडणी नको, वास नको." वास नको म्हटल्यावर मी थांबलो.

पाकिटाच्या मागं एक तक्ता होता. सगळं इंग्रजीत. माझं शिक्षण सातवीपर्यंत, आकडे कळतात, शब्द नाहीत. कुलदीपनं वाचून दाखवलं, मी तोलपट्टीच्या मागं लिहून घेतलं. शंभर ग्रॅममध्ये कॅलरी १२८. प्रथिनं २.१. कर्बोदकं ९.६, त्यात साखर ४.२. स्निग्ध पदार्थ ९. पाकीट दोनशे ग्रॅमचं. म्हणजे एका पाकिटात दोनशे छप्पन्न कॅलरी, आणि प्रथिनं चारच्या आसपास, मॅडमनी आखून दिलेल्या मापात बसतात.

मी विचारलं, "मीठ किती हाय?"

त्यानं तक्ता पुन्हा खालवर वाचला. "मीठ नाही लिहिलेलं काका."

"नीट बघ बरं."

"पाचच ओळी आहेत. मीठ नाही."

एवढा बारीक हिशेब देणारे लोक, साखरेचा दशांश सुद्धा सोडत नाहीत. असतं तर लिहिलं असतं. आम्ही पट्टीत जो माल नाही त्याची ओळ लिहीत नाही, तसंच हे. एक पाकीट घेतलं.

संध्याकाळी दुधी उकळून त्यात अर्धं पाकीट ओतलं. लालसर रस्सा झाला, वरती तेलाचा तवंग. बोट लावून चाखलं. खारट वाटलं. मीठ तर मी चिमूटभर पण टाकलं नव्हतं. इतके दिवस घरी अळणी खाऊन जीभ हळवी झाली असेल. मसाल्याची चव पण तशीच लागत असेल.

हिनं पहिला घास तोंडात घातला आणि थांबली. माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "काय झालं?"

"कशात केली?"

मी पाकीट दाखवलं. तक्ता समजावून सांगितला, एकेक आकडा. हिला वाचता येत नाही, तरी पाकीट हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितलं आणि परत दिलं.

"मीठ न्हाई म्हन्ता?"

"न्हाई. कुलदीपनं दोनदा वाचलं."

"बरं," म्हणाली, आणि खाली मान घालून खायला लागली. एक भाकर संपली. मग म्हणाली, "अजून अर्धी द्या."

महिन्याभरात हे शब्द पहिल्यांदा ऐकले. मी उठून मोरीपाशी गेलो आणि उगीचच तांब्या घासत बसलो.

२ मार्च, रविवार

काट्यावर एक्केचाळीस दोनशे. वाढलं.

काटा दोनदा शून्यावर आणून बघितला. एक्केचाळीस दोनशेच.

९ मार्च, रविवार

बेचाळीस सहाशे. आता रोज एक पाकीट, दोन्ही वेळेला मिळून. वांगं, दुधी, कोबी, कशातही ओततो. कुलदीप माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतो. वहीत मी रकान्यात लिहितो, "पाकीट १, कॅलरी २५६". तो आकडा लिहायला बरं वाटतं.

हिचे गाल भरले. डोळ्यांखालची खळगी गेली. आज ओसरीत बसून केस विंचरत होती आणि पुसेगावचं सांगत होती. माहेरी बापाची मेंढरं होती. लहानपणी ही बापाबरोबर मेंढवाड्यावर राहायची. पावसाळाभर रानात. भाकरीवर खडामीठ आणि हिरवी मिरची, दगडानं ठेचलेली. "तसली चव कुठंच न्हाई," म्हणाली. खूप दिवसांनी एवढं बोलली.

१४ मार्च, शुक्रवार

सोमवारी नांदेडची तारीख आहे. पण हळदीची आवक सुरू झाली. मोंढ्याबाहेर रस्त्यापर्यंत गाड्या लागल्यात. तोलार आम्ही मोजके, एक जण गेला की लिलाव अडतो. हिला विचारलं. म्हणाली, "बरी तर हाय मी. काहून पळायलाव? पुढल्या हप्त्यात जाऊ."

दवाखान्यात फोन करून तारीख पुढं घेतली. सात एप्रिल मिळाली.

२३ मार्च, रविवार

चव्वेचाळीस किलो. चार किलो वाढलं महिन्यात. निलम मॅडमना कधी दाखवतो असं झालंय.

रुख्मिणीबाई भाकऱ्या द्यायला आल्या. हिच्याकडं बघून म्हणाल्या, "सिंधूबाई, तोंड सुजल्यावानी दिसून राहिलं तुमचं."

मी म्हणालो, "सूज न्हाई. अंगाला लागून राहिलं खाल्लेलं."

त्या भाकऱ्या ठेवून गेल्या. दुसऱ्याच्या घरात बरं झालेलं लोकांच्या डोळ्यात खुपतं.

२८ मार्च, शुक्रवार

उन्हाचा कहर आहे. हिला तहान फार लागते. लिटरचा तांब्या दुपारीच संपतो. आज संध्याकाळी तिनं अजून एक पेला मागितला. मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "घसा चिकटून राहिला." मी दिला. रकान्यात लिहिला नाही. असल्या उन्हात धडधाकट माणसाचा जीव पाणी पाणी करतो, आजाऱ्याचं काय.

पायांवर सूज आहे. दिवसभर पाय खाली सोडून बसते म्हणून. पायाखाली उशी दिली.

४ एप्रिल, शुक्रवार

ही आता भिंतीला टेकून बसूनच झोपते. आडवं झालं की गुदमरतं म्हणते. पत्र्याचं घर, उकडतं. टेबलफॅन तिच्या बाजूला वळवून ठेवला.

जेवण मात्र चालू आहे. आज वांग्याची भाजी पुन्हा मागून घेतली.

६ एप्रिल, रविवार, पाडवा

गुढी उभारली. काट्यावर नेलं नाही, तिला रिक्षात चढवेना. दोन पावलं टाकली की धाप. उद्या नांदेडला जायचंच आहे. गाठी बांधताना ती म्हणाली, "तुमी लई केलं माझं."

असलं बोलू नको म्हणालो.

७ एप्रिल, सोमवार

दवाखान्यात, जिन्याखाली बसून लिहितोय.

सकाळी गाडी बघायला स्टँडवर गेलो तेवढ्यात रुख्मिणीबाईंचा फोन. परत पळालो. ही ओसरीत खांबाला धरून बसली होती, तोंड उघडं, छातीतून बुडबुड्यांसारखा आवाज. ओठ काळे. आडत्याची जीप मागितली. असोला गावापर्यंत ती माझा हात धरून होती, पुढं हाताची पकड सैल झाली.

इथं आल्या आल्या आत नेलं. डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, "फुप्फुसात पाणी भरलंय. मशीनवर घेतोय." मग म्हणाले, "एवढं पाणी आलं कुठून? पथ्य सांभाळत होता ना तुम्ही?"

मी व्हय म्हणालो.

८ एप्रिल, मंगळवार

मशीननं तीन लिटर पाणी काढलं. ऑक्सिजन लावलाय. डोळे उघडते. शिवकन्या पहाटेच्या गाडीनं निघून आली.

मी कपडे आणायला वसमतला जाऊन आलो. येताना वही आणली, आणि एक पाकीट पण. मॅडमना दाखवायचं होतं. खरं काय होतं मनात ते आता लिहितो. मला वाटत होतं, पाणी मी जास्त दिलं त्याबद्दल त्या रागावतील, मग मी पाकीट दाखवीन, वजन वाढवलेलं दाखवीन, म्हणजे राग कमी होईल.

निलम मॅडमनी वही शेवटपासून वाचली. वजनाच्या आकड्यांवर बोट ठेवत गेल्या. चव्वेचाळीस. बेचाळीस सहाशे. एक्केचाळीस दोनशे.

"काका, हे पाकीट म्हणजे काय?"

मी दिलं. तक्ता सांगायला लागलो. त्यांनी तक्ता बघितलाच नाही. पाकिटाची कडेची शिवण अंगठ्यानं ताणली. शिवणीखाली मुंगीएवढी अक्षरं होती.

"यात काय काय घातलंय ते इथं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "पाणी, कांदा, तेल, मीठ. मग बाकीचं."

"तक्त्यात न्हाई मीठ."

"नाही. तक्त्यात टाकलंच पाहिजे अशी सक्ती नाही. काही कंपन्या टाकतात, काही नाही."

"किती असंल?"

"नक्की सांगता येणार नाही. चवीवरून... एका पाकिटात चार-पाच ग्रॅम." मग म्हणाल्या, "त्यांना पूर्ण दिवसाला दोन चालतात."

मी म्हणालो, "पर वजन वाढलं ना, मॅडम."

त्यांनी वही मिटली. त्यांचा आवाज बदलला होता. "ते पाण्याचं होतं काका. मीठ पाणी धरून ठेवतं. मांस नाही चढलं. त्याच्या आत त्या वाळतच होत्या."

मग म्हणाल्या, "मी पाकिटांबद्दल सांगायला हवं होतं. कॅलरी वाढवा, कसंही करून वाढवा म्हणाले. आमच्या पेशंटच्या घरात असलं काही येत नसेल असं मी धरून चालले."

त्या रडतील असं वाटलं. मला त्यांचा राग करता आला असता तर बरं झालं असतं.

रोजचे चार-पाच ग्रॅम. एक महिना आणि वर. तीस वर्षं तोलतोय. मातीचा खडा कट्ट्यात असेल तर हाताला कळतो मला.

१० एप्रिल, गुरुवार

आज ती बरी बोलत होती. शिवकन्या औषध आणायला खाली गेली तेव्हा मी स्टूल जवळ ओढलं आणि सगळं सांगितलं. पाकिटात मीठ होतं म्हणून.

ती छताकडं बघत राहिली.

मी विचारलं, "तुला खारट लागलं न्हाई का?"

"लागलं."

"कधी?"

"पैल्याच घासाला."

"मग काहून बोलली न्हाईस?"

तिनं नाकातली नळी जरा सरळ केली. दम घेत घेत बोलली. "बोलले असते तर तुमी बंद केलं असतं."

मी तिच्या अंगावरची चादर सारखी केली.

"ते अळणी खाऊन वरीसभर जगून काय करू? भूक लागायची त्या भाजीनं. ताटाची वाट बघायची मी." मग म्हणाली, "आन् तुमी हासून राहिले होते. काट्यापाशी."

मला तिला हलवून विचारावंसं वाटलं, माझा विचार केला का म्हणून. एका आजारी बाईचा मला एवढा राग आला. मी उठून खिडकीपाशी गेलो.

शिवकन्या वर आली. मॅडमनी तिला जिन्यातच सांगितलं होतं, जेवणातून मीठ गेलं म्हणून. ती येताच आईला म्हणाली, "माय, खरं सांग. काय खाल्लं तू?"

मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, "लोनचं. शेजारून मागून आनायची. ह्यांना ठावूक न्हाई."

शिवकन्या कपाळाला हात लावून खाली बसली. "मला माहीत व्हतं. तुझी जीभ. बाबा इतकं करून राहिले तुझ्यासाठी आन् तू..."

ही माझ्याकडं बघत होती. नको म्हणून तिनं बोट जरासं हलवलं.

मी गप्प राहिलो. बायकोनं सांगितलं म्हणून गप्प राहिलो असं लिहिणार होतो. खरं म्हणजे मला सुटल्यासारखं वाटलं.

१३ एप्रिल, रविवार

पुन्हा मशीन. रक्तदाब खाली गेला, अर्ध्यात थांबवलं. डॉक्टर म्हणतात हृदय थकलंय, ताण फार पडला.

शिवकन्या आईशी नीट बोलत नाही. पाणी देते, अंग पुसते, पण बोलत नाही. ही तिच्याकडं बघत असते. मी आज तीनदा ठरवलं सांगायचं. तीनदा चहा प्यायला गेलो.

१६ एप्रिल, बुधवार

दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी गेली.

मी आणि शिवकन्या दोघंही होतो. जाताना काही बोलली नाही.

२० एप्रिल, रविवार

माणसं येतात, बसतात. शिवकन्या सगळ्यांना तेच सांगते. बाबांनी काही कमी केलं नाही, स्वतः रांधून घातलं, मायनंच जीभ आवरली नाही. बायका माझ्याकडं कौतुकानं बघतात. पुसेगावचा मेहुणा म्हणाला, "दाजी, असा नवरा मिळायला नशीब लागतं. आमच्या बहिणीलाच कळलं न्हाई."

रुख्मिणीबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. लोणच्याचं नाव निघालं की सगळ्या बायका त्यांच्याकडं बघतात. शेजार म्हणजे त्यांचाच. त्यांनी कधी लोणचं दिलं नाही. त्यांना माहीत आहे, मला माहीत आहे. त्या पदर पुढं ओढून बसून राहिल्या. दुपारनंतर आल्याच नाहीत.

एक खोटं तिनं मला वाचवायला सांगितलं आणि मी त्याच्यात दुसऱ्या बाईला बुडवून राहिलो.

२८ एप्रिल, सोमवार

तेरावं झालं. पाहुणे दुपारी गेले.

जावई प्रभू पण गेले, त्यांची शेरडं शेजाऱ्याच्या भरवशावर होती. शिवकन्या उद्या जाणार. मला चार दिवस पुरेल असं काही करून ठेवावं म्हणून ती फळीवरचे डबे बघत होती. मी ओसरीत होतो. आतून आवाज आला, "बाबा, ही पाकिटं कशाची? पाच हायेत. एक भाजीत टाकू का, तुमाला सोपं पडंल."

मी आत गेलो. तिच्या हातात ते पाकीट होतं, ती कात्री शोधत होती. मी हिसकावून घेतलं. जोरात हिसकावलं असेल, ती दचकली.

"तुझ्या मायनं लोनचं खाल्लं न्हाई," मी म्हणालो. "रुख्मिणीबाईनं कधीच दिलं न्हाई. हे म्या खाऊ घातलं. रोज. दोन्ही टायमाला."

तिला कळेना. मी सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासून. कुलदीपनं वाचलेला तक्ता, काट्यावरचं वजन, पुढं ढकललेली तारीख, रकान्यात न लिहिलेले पेले. आई दवाखान्यात खोटं बोलली आणि मी बोलू दिलं, ते पण. बोलायला लागलो तर थांबता येईना.

शिवकन्या दहावी शिकलेली आहे. तिनं पाकीट माझ्या हातातून घेतलं, दारात उजेडाला नेलं. तक्ता वाचला. मग शिवण ताणली, सांगावं लागलं नाही. बराच वेळ वाचत उभी राहिली.

"मी तिला आठ दिस बोलले न्हाई, बाबा," ती म्हणाली. "तिचे शेवटचे आठ दिस."

तिनं पाकीट परत फळीवर ठेवलं.

ती चपला घालून बाहेर गेली. मला वाटलं रागानं गेली. मागं जाऊन बघितलं तर रुख्मिणीबाईंच्या दारात उभी होती. काय बोलली ते ऐकू आलं नाही. रुख्मिणीबाईंनी तिला आत घेतलं आणि दार लोटलं.

मी इथंच उभा राहिलो. मला कुणी बोलावलं नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

सकाळी शिवकन्यानं पाचही पाकिटं उकिरड्यावर रिकामी केली. मी कुलदीपला परत देऊ म्हणत होतो. तिनं ऐकलं नाही. न बोलता भाजी केली, डबा झाकून ठेवला.

तिला हिंगोलीच्या गाडीत बसवायला स्टँडवर गेलो. हिंगोलीहून ती सेनगावची गाडी धरणार, पुढं साखरा. गाडी लागलेली होती. ती खिडकीपाशी बसली, मी खाली उभा. कंडक्टर अजून यायचा होता. कालपासून ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. मी पाण्याची बाटली आणून दिली, घेतली.

मग खिडकीतून न बघताच तिनं विचारलं, "जेवायची का ती?"

"काय?"

"त्या भाजीसंगं. पोटभर जेवायची का?"

"व्हय," मी म्हणालो. "पोटभर. मागून घ्यायची."

ती मान हलवत राहिली, परत परत, जसं काही अजून कुणी तिला काही सांगून राहिलं आणि तिला ते पटून राहिलं. मग पदर तोंडाला लावला. तेरा दिवसांत ती रडताना मला दिसली नव्हती. मी खिडकीच्या गजावर हात ठेवला. तिनं त्याच्यावर हात ठेवला नाही, बाजूला पण सारला नाही.

कंडक्टर आला. गाडी मागं घेताना मला हात काढावा लागला.

दरवेळी जाताना ती पाया पडते. आज राहिलं. गडबडीत राहिलं की तिला पडायचंच नव्हतं, ते मला समजलं नाही. गाडी वळणावरून गेली तरी मी त्याचाच विचार करत उभा होतो.